बुधवार ते शुक्रवार

धैर्यशील साहेबांनी दुकानाच्या पत्र्यावर तांबड्या खडूची मोठी फुली मारली, तेव्हा अंजू आत आलं ठेचत होती. पत्रा वाजला म्हणून ती ओढणीला हात पुसत बाहेर आली. साहेब खडूची बोटं रुमालानं साफ करत होते. शनिवारी सकाळी ट्रक येईल, पत्रे उचलले जातील, तोवर सामान काढून ठेवा. आणि खरं तर आजपासूनच दुकान बंद समजा, असं त्यांनी पुण्याच्या स्वच्छ मराठीत सांगितलं. बोलताना ‘ताई’ म्हणायला ते चुकले नाहीत. केसानं गळा कापणाऱ्याला तोंड गोड ठेवायला कुठं जास्तीचे कष्ट पडतात?

तो मंगळवार होता. एप्रिल संपत आला होता. आखाती देशातल्या वफ्राच्या वाळूत दुपारी पाय ठरत नव्हता आणि शर्यतींचा हंगामही त्या शुक्रवारी संपणार होता. मग पाच महिने घोडी पंख्याखाली उभी राहणार, मोतद्दार त्यांच्या अंगावर पाणी मारत बसणार आणि दुकानात चहाशिवाय काही खपणार नाही. म्हणजे साहेबांनी दोन महिने कळ काढली असती तरी कुणाचं काही अडलं नसतं. पण शेवटचा शुक्रवारसुद्धा तिच्या हाती लागू द्यायचा नाही, असं त्यांच्या मनात होतं. अंजूला ते कळलं आणि तिनं आलं जरा जास्तच जोरात ठेचलं.

दुकान म्हणजे काय, तर पागेच्या मागं, चाऱ्याच्या गोदामाला टेकून उभे केलेले चार पत्रे, वर एक ताडपत्री आणि आत एक जुना टीव्ही. अकरा वर्षांपूर्वी म्हाताऱ्या मालकानं, ज्याला सगळे बाबा म्हणत, स्वतः काठीनं वाळूत रेघ ओढून तेवढी जागा तिला दिली होती. अंजूच्या कागदावर काम होतं स्वयंपाकिणीचं. पागेतल्या वीस माणसांचं दोन वेळचं रांधायचं आणि दुपारचं आवरलं की चारपासून दिवेलागणीपर्यंत दुकानात बसायचं. चहा, बिस्किटं, फोनची कार्डं, कंबरदुखीचा बाम. आणि शुक्रवारी पैज.

पैज पैशाची नव्हती. पैशाचा खेळ या मुलखात सापडला की माणूस तुरुंगात जातो आणि तिथून विमानात बसतो, हे पागेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. शिवाय पगार दोन-दोन महिने येत नसे, मग पैशाची पैज लावणार तरी कशानं? इथं लावायची ती ‘फेरी’. एक फेरी म्हणजे एका सकाळचं काम. हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याची ठाणं साफ करायची, लीद ओढायची, भुसा पसरायचा, पाणी भरायचं. जिंकणारा त्या दिवशी खाटेवर लोळत राहायचा. वर्षात एकही सुट्टी न मिळणाऱ्या माणसाला एक सकाळ लोळायला मिळणं म्हणजे काय, ते त्यालाच विचारावं.

लिहिणं-वाचणं कुणाला फारसं येत नसे, म्हणून अंजूनं मागच्या पत्र्यावर खिळ्यांची रांग ठोकली होती. एकेका खिळ्याच्या वर एकेका घोड्याच्या रंगाची चिंधी. ज्याला ज्या घोड्यावर लावायची, त्यानं आपली डावी चप्पल त्या खिळ्याला टांगायची. पागेच्या घोड्यांत ज्याचा घोडा पुढं येईल, तो जिंकला. जिंकला तर उचलून पायात घालायची. हरला तर फेरी पुरी होईपर्यंत आणि जिंकणाऱ्यानं काम तपासून ‘ठीक’ म्हणेपर्यंत चप्पल तिथंच. एका पायात चप्पल घालून लीद ओढणाऱ्याकडं सगळी पागा बघे. त्या लाजेपायीच अकरा वर्षांत एक फेरी बुडाली नव्हती.

आता यातली मेख अशी, की अंजूचा नवरा सदानंद त्याच पागेचा नालबंद. दर बुधवारी तो शर्यतीच्या घोड्यांचे पाय उचलून बघायचा, जुने नाल काढायचा, खूर तासायचा, नवे ठोकायचा. शुक्रवारी कोण पळणार आणि कोण रखडणार, हे मालकाच्या आधी त्याला कळे. अशा माणसाच्या बायकोकडं पैज ठेवायची म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. हे लोकांच्या आधी अंजूनंच ओळखलं होतं. पहिल्याच वर्षी तिनं नवऱ्याला बजावलं, की बुधवारी हातातली कानस खाली ठेवल्यापासून शुक्रवारची शर्यत संपेपर्यंत घरात घोड्याचा ‘घ’ काढायचा नाही. आणि ती स्वतः कधी पैज लावणार नाही.

सदानंद मुळातच कमी बोलणारा, त्यामुळं त्याला ते जड गेलं नाही. जड गेलं ते अंजूला. कारण नवरा न बोलला तरी त्याचा चेहरा बोलतो. एखाद्या खुरात काही वाईट दिसलं की त्याला जेवण जात नसे. म्हणून ती दर बुधवारी, गुरुवारी त्याच्याकडं पाठ करून जेवू लागली. एकाच खोलीत, हातभर अंतरावर, भिंतीकडं तोंड करून. अकरा वर्षं असं चाललं होतं. आता कुणी बघितलं असतं तर नवरा-बायकोचं फाटलंय म्हणून गावभर केलं असतं.

साहेबांना तिथं काय हवं होतं, ते गुपित नव्हतं. बाबा आता अंथरुणाला खिळलेले आणि त्यांच्या मुलाला शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीचे पाहुणे आणायचे होते. त्यांच्यासाठी तिथं काचेचं कॉफीचं दुकान येणार होतं. धैर्यशील साहेब त्या मुलाचे मॅनेजर. ते शहरात, राई भागातल्या ऑफिसात बसून हिशेब बघत, आठवड्यातून एकदा-दोनदा मझऱ्यावर, म्हणजे इथल्या शेतवाडीवर, येत. त्यांनी सरळ सांगितलं असतं, की मालकाची जमीन, मालकाची मर्जी, तर अंजूनं दोन शिव्या मनातल्या मनात देऊन पत्रे स्वतः उतरवले असते. पण वीस माणसं चिडली तर? म्हणून साहेबांनी दुसरी वाट धरली.

त्याला निमित्त मिळालं गुलजमान खानाचं. खान पेशावरकडचा, साठीला आलेला, पागेतला सगळ्यांत जुना मोतद्दार. महिन्यापूर्वी त्यानं सत्ताम नावाच्या घोड्यावर चप्पल टांगली, सत्ताम शेवटून दुसरा आला आणि मोडक्या कंबरेनं खानाला दुसऱ्याची ठाणं ओढावी लागली. सत्तामच्या विरुद्ध लावणारे तिघंच होते. कंबर चोळता चोळता खान बोलून गेला, की या तिघांना कुणीतरी सांगितलं असणार आणि नालबंदाच्या घरातून खबर निघायला कितीसा वेळ लागतो. खान बोलला आणि विसरला. साहेब विसरले नाहीत. सोमवारी त्यांनी सगळ्यांना पागेच्या सावलीत उभं केलं आणि जाहीर केलं, की दुकानात फसवणूक होते अशी तक्रार आहे, म्हणून ते बंद.

वीस माणसं उभी होती. अकरा वर्षं तिच्या हातचं खाल्लेली. कुणी तोंड उघडलं नाही. खानानं खाली बघत पायानं वाळू उकरली. दुकान जाणार याचं दुःख अंजूला झालंच, पण ते गिळता आलं असतं. हे मात्र घशात अडकलं.

मंगळवारी साहेब फुली मारून गेले आणि बुधवारी त्या बोलण्याची फळं सदानंदाला मिळाली. तो गुडघ्यांत घोड्याचा पाय धरून बसला की एक मोतद्दार त्याच्या डोक्यावर उभा. काय करतो, किती तासतो, खिळा कुठून बाहेर काढतो, सगळं बघायला. एका घोड्याचा नाल ठोकून झाला, तर खानानं तो पाय स्वतः पुन्हा उचलला आणि प्रत्येक खिळ्यावरून अंगठा फिरवला. सदानंदाचा आजा फलटणच्या बाजारात बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकायचा, बापानं तेच केलं, आणि तिघांपैकी कुणाच्या कामावर असा अंगठा फिरला नव्हता. सदानंदानं पक्कड, कानस, हातोडी एकेक करून चामड्याच्या पिशवीत भरली आणि घोड्याच्या पाठीवर एकदा हात ठेवून तो निघून आला. हे सगळं अंजूनं भटारखान्याच्या जाळीतून बघितलं. डोळे पुसले आणि कांद्याला दोष दिला.

त्या दुपारी दोघं जेवायला बसली. अंजू भिंतीकडं तोंड करून. मागून जळक्या खुराचा वास येत होता, तो बुधवारी येतोच. त्यानं भाकरी मोडल्याचा आवाज आला, पण पुढं चावल्याचा आला नाही. ती कान देऊन बसली. भाकरी परत ताटात पडली.

“अंजे,” तो म्हणाला, “ह्या शुक्रवारी दुकान उघडू नगंस.”

“का?”

“उगंच म्हणतो.”

“उगंच कुणी बुधवारी बोलतं का? गप जेवा.”

तो गप झाला, पण जेवला नाही. अंजूची मान वळू बघत होती. एकदा वळून बघितलं असतं तर काही ना काही कळलंच असतं. तिनं समोरच्या भिंतीवर चिकटवलेलं कॅलेंडर वाचायला घेतलं. सगळ्या तारखा वाचल्या, मग अरबी तारखाही वाचल्या, ज्या तिला येत नव्हत्या. ताट उचलून तो बाहेर गेला तेव्हाच ती उठली.

गुरुवारी तोझ सुटला. वाळूचा असा वारा, की चार हातांवरचं खजुराचं झाड दिसेना. डाळीत रेती, पिठात रेती, दातांत रेती. त्यातच तिनं वीस माणसांचं रांधलं आणि दुपारी दुकानातलं सामान खोक्यांत भरायला घेतलं. बरण्या, पातेली, गॅसची शेगडी, बामच्या उरलेल्या डब्या. एकेक खोकं डोक्यावर घेऊन खोलीत टाकायचं. वाटेत माणसं दिसत. एरवी कुणी ‘भाभी, दो इधर’ म्हणून हातातलं घ्यायला धावलं असतं. आज सगळ्यांनाच घोड्यांना खरारा करायची घाई झाली होती. चौथं खोकं उतरवताना तिच्या मानेत चमक भरली. ती खोक्यावरच बसली आणि तिथं तिनं ठरवलं, की टीव्ही हलवायचा नाही. शुक्रवारी दुकान उघडायचं. बंद करायचंच तर आपल्या हातानं, दिवसाढवळ्या, आणि नाव धुऊन. त्यानंतर पत्रे नेऊन कुणी त्यांची चूल पेटवो नाहीतर डोक्यावर घेवो.

संध्याकाळी साहेबांचा फोन दोनदा वाजला. तिनं तो पिठाच्या डब्यात ठेवून दिला.

शुक्रवारी दुपारी दोनला तिनं ताडपत्री वर केली. टीव्ही पुसला, शेगडी परत आणून चहा ठेवला. खिळ्यांवरच्या चिंध्या झटकल्या. आपल्या पागेतली तीन घोडी पळायची होती. हिरवी चिंधी बर्कची, पिवळी सत्तामची आणि निळी गझालाची. गझाला ही करडी घोडी. हंगामातल्या चार शर्यतींपैकी तीन तिनं मारल्या होत्या. अंजू रोज सकाळी तिला भाकरीचा काठ भरवायची आणि गझाला तिची ओढणी चघळायची. पागेत हे सगळ्यांना माहीत होतं.

घोडी सकाळीच गाडीत घालून मैदानावर नेली होती. मागं राहिलेली माणसं हळूहळू जमली, पण दुकानाच्या बाहेरच. तेरा जणांचं कोंडाळं. आत यायला कुणी तयार नाही आणि जायलाही कुणी तयार नाही. खान हाताची घडी घालून पुढं उभा. रफिकुल नावाचा सिल्हेटचा मोतद्दार, ज्याला अंजू तापात पेज करून द्यायची, तो सगळ्यांच्या मागं. आणि पाण्याच्या पिंपाशी एकटा सदानंद. अंजूनं त्याच्याकडं पाठ केली. शर्यत व्हायची होती.

मग तिनं वाकून आपली डावी चप्पल काढली. कोंडाळ्यातली कुजबूज थांबली. अकरा वर्षांत तिचा पाय इथं उघडा पडला नव्हता. तिनं ती चप्पल निळ्या चिंधीखाली टांगली आणि वळली. तिनं खाकरून आवाज साफ केला.

“ग्यारह साल मैंने नहीं लगाई,” ती म्हणाली. “आज लगाती हूँ. गझाला पर. जिसको लगता है मेरे को घर से खबर मिलती है, वो मेरे साथ लगाए. जिसको नहीं लगता, वो मेरे खिलाफ लगाए. बस.”

तेरा माणसं आणि तेरा चेहरे. खानाची तर पंचाईतच झाली. ही बाई लबाड आहे असं त्याचं म्हणणं, आणि लबाड असेल तर तिनं टांगलंय तिथंच टांगायला हवं, कारण लबाडाला खरी खबर असते. तिच्या विरुद्ध लावावी, तर ती प्रामाणिक आहे हे कबूल केल्यासारखं. त्यानं दाढी खाजवली. एकदा सदानंदाकडं बघितलं. सदानंदाचा चेहरा रिकाम्या ताटासारखा होता. शेवटी खान पुढं आला, आपली जाड पेशावरी चप्पल काढली आणि अंजूच्या चपलेशेजारी निळ्या चिंधीखाली टांगली. त्याच्यामागं आणखी चौघांनी टांगल्या. प्रत्येक चप्पल टांगली जाताना अंजूला गालावर हात पडल्यासारखं होत होतं. पण ती मोजत उभी राहिली.

मग रफिकुल पुढं आला. त्याची चप्पल दोरीनं बांधलेली, ती सोडायला त्याला वेळ लागला. त्यानं ती हिरव्या चिंधीखाली टांगली.

“भाभी, मैं तुम्हारे खिलाफ,” तो म्हणाला आणि ओशाळला. “नाराज मत होना.”

नाराज कसली होते? तिला त्या क्षणी त्याच्या डोक्यावरून बोटं मोडावीशी वाटली. रफिकुलच्या मागं आणखी पाच जणांनी हिरव्या चिंधीखालीच टांगल्या. दोघं जण शेवटपर्यंत काठावरच बसले, तशी माणसं सगळीकडं असतात. गझालाच्या बाजूला अंजू धरून सहा, विरुद्ध सहा.

शर्यत सुरू झाली. टीव्हीतला माणूस अरबीत भराभर बोलू लागला. निळ्या टोपीचा स्वार पहिल्या वळणापर्यंत पुढच्या तिघांत होता. खान मांडीवर हात आपटत होता. अंजूनंही पदर धरावा तशी ओढणी मुठीत धरली होती. हरलं तरी चालेल असं काही तिच्या मनात नव्हतं. तिला जिंकायचं होतं. गझालानं सगळ्यांना मागं टाकावं, असं तिला मनापासून वाटत होतं.

दुसऱ्या वळणावर गझालानं डावीकडं डोकं टाकलं. एकदा, दोनदा. मग तिची लय तुटली. घोडी एकामागून एक तिच्या शेजारून पुढं गेली. हिरव्या टोपीचा बर्क तिसरा आला, सत्ताम सहावा. गझाला शेवटची आली आणि रेघ ओलांडताच स्वार खाली उतरला.

चहा उतू गेला, शेगडी विझवायला अंजू वळली. अकरा वर्षांत एकदा लावली आणि तोंडावर पडले, एवढंच तिच्या डोक्यात होतं. खान मात्र टीव्हीकडं बघत नव्हता. तो पिंपाकडं बघत होता. घोड्यांत जन्म गेलेल्या माणसाला डावीकडं टाकलेलं डोकं कळतं.

“उस्ताद,” तो म्हणाला, “अगला बायाँ पाँव. तुझे मालूम था?”

“मालूम था,” सदानंद म्हणाला.

“कब से?”

“बुधवार से.”

“और बीवी को नहीं बताया?”

सदानंदानं त्याच्याकडं असं बघितलं, की हा माणूस एवढा जुना असून असं काय विचारतो.

“बुधवार को कैसे बताता?”

आता शर्यत संपली होती, म्हणून मग त्यानं सगळं सांगितलं. नाल काढला तेव्हाच खुरात ऊब लागली. पकडीनं तळवा दाबला तर घोडीनं पाय ओढून घेतला. आत जखम धरत होती. घोडी पळवू नका, असं त्यानं घोड्यांना शर्यतीसाठी तयार करणाऱ्या ट्रेनरला दोनदा सांगितलं. पण मालकाचे पाहुणे येणार होते, तेव्हा नालबंदाचं कोण ऐकतो? तो हे हळू आवाजात, तुटक हिंदीत सांगत होता आणि तेरा माणसं ऐकत होती. खान त्या दिवशी त्याच्या डोक्यावर उभा होता. खिळे तपासत होता. खूर दाबून बघायचं त्याला सुचलं नव्हतं.

अंजू शेगडीपाशी उभी राहून ऐकत होती. आधी तिला संताप आला. या माणसाला माहीत होतं. डोळ्यांदेखत तिला चप्पल टांगू दिली, गावासमोर हरू दिली आणि पिंपाला टेकून बघत राहिला. मग तो संताप तिच्या आतच फिरला आणि त्याचं काहीतरी वेगळंच झालं. हरले म्हणूनच सुटले, हे तिला उमगलं. जिंकले असते तर जन्मभर कुणाला पटवता आलं नसतं. बुधवारपासून पहिल्यांदा तिनं नवऱ्याकडं सरळ बघितलं. दोन दिवसांत त्याचे गाल बसले होते. त्यालाही भाकरी गेली नव्हती.

“राग आला व्हय?” त्यानं विचारलं.

“सांगितलं असतं,” ती म्हणाली, “तर घरात घेतलं नसतं.” आणि ती हसली. मग रडली. मग त्याच्यापुढं चहाचा पेला ठेवून म्हणाली, की बिस्किटं खोक्यात गेलीत, नुसताच प्या.

संध्याकाळी गाडी आली. गझाला तीन पायांवर उतरली. सदानंद गरम पाण्यात मीठ घालून बादली घेऊन तिच्या ठाणात बसला आणि तिचा पाय बादलीत धरून ठेवला. या वेळी कुणी त्याच्या डोक्यावर उभं राहिलं नाही. खानानं न सांगता दुसरी बादली गरम करून आणली.

शनिवारी उजाडता उजाडता अंजू फावडं आणि ढकलगाडी घेऊन पागेत शिरली. डावा पाय अनवाणी. रफिकुलची दोन ठाणं तिच्या वाट्याला आली होती. लीद ओढायची तिला सवय नव्हती. पहिल्याच गाडीला हाताला फोड आला, ओल्या भुशाच्या उग्र वासानं डोळे झोंबले आणि अनवाणी पायाला बारीक खडे टोचू लागले. शेजारच्या ठाणात खान होता, त्याचाही डावा पाय उघडा. दोघांची फावडी फरशीवर खरवडत होती. बराच वेळ झाल्यावर खान तिच्या दाराशी आला. कंबरेवर हात ठेवून त्यानं खालच्या आवाजात सांगितलं, की बहन, तू जा, तुझी फेरी मी देतो, चूक माझी होती.

“चूक तुमारी, फेरी मेरी,” अंजू म्हणाली. “मैं हारी है. मैं देगी.”

खान परत आपल्या ठाणात गेला.

आठ वाजता ट्रक आला. मागोमाग साहेबांची गाडी. माणसांनी ताडपत्री ओढली, दोन बाजूंचे पत्रे पाडले. मागच्या पत्र्याला हात घालायला गेले तर सदानंद तिथं हातोडी घेऊन उभा. तो कुणाला अडवत नव्हता. फक्त उभा होता. त्याच्यामागं खिळ्यांवर सहा चपला लटकत होत्या. साहेबांनी विचारलं, तेव्हा त्यानं सांगितलं, की फेऱ्या पुऱ्या झाल्या की चपला निघतील, मग पत्रा घ्या. साहेब चिडले. चपला काढून खाली टाका म्हणाले. ट्रकवाल्याची माणसं पुढं झाली, तर ज्या सहा जणांच्या फेऱ्या कुणी दुसरं देत होतं आणि ज्यांना त्या वेळी खाटेवर लोळायचं होतं, ते सहाही उठून आले आणि सदानंदाच्या शेजारी उभे राहिले. मग काठावरचे दोघंही आले. सोमवारी गप्प राहिलेली हीच माणसं. आज तरी उभी राहिली.

साहेब तडक पागेत गेले. अंजू शेवटची गाडी रिकामी करून फावडं पुसत होती. केसांत भुसा, कपाळावर लीद. तिचं काम तपासायचं म्हणून रफिकुलही साहेबांच्या मागोमाग येऊन दारात उभा राहिला. त्याला तिच्याकडं बघवत नव्हतं. त्यानं आत न शिरताच मान हलवली.

“ठीक है भाभी. सब ठीक.”

पलीकडून खान फावड्यावर रेलून ओरडला, “ऐसे नहीं. अंदर जा. कोने में देख. इसका काम भी वैसे देख जैसे मेरा देखते हैं सब.”

रफिकुल बिचारा आत गेला. भिंतीच्या कडेनं फिरला, वाकला, पाण्याच्या हौदामागं हात घातला. मुठीत ओला भुसा घेऊन तो बाहेर आला आणि अपराध्यासारखा तो त्यानं पुढं धरला.

“ताई, ट्रक खोळंबलाय,” साहेब म्हणाले. “झालं ना आता?”

“न्हाई,” अंजू म्हणाली. “कोपरा राहिलाय.”

तिनं फावडं उचललं आणि ती हौदामागं वाकली. खानानं दाराशी येऊन तो कोपरा नीट बघून घेतला. साहेब बाहेर उन्हात उभे राहिले.